तुरटीचं पन्हं आणि कोकमाची बिअर

माझ्या वडिलांचे जेवणाचे दोन नियम होते. पानात वाढलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि पानात काही टाकायचं नाही. ते आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही कारखान्याच्याच चाळीत राहायचो आणि मूळ गाव तळकोकणात होतं. लहानपणी त्यांनी उपाशी दिवस काढले होते, त्यामुळे त्यांच्या नियमांवर अपील चालत नसे.

मी आठ वर्षांचा असताना एका मे महिन्यात गावाहून आत्या आली होती. रविवारी पाहुणे जेवायला होते म्हणून तिने कैरीचं पन्हं केलं. गूळ थोडा कमी पडला, तेव्हा तिने फडताळातली खडीसाखर कुटून घातली. ती खडीसाखर नव्हती, वडिलांची दाढीची तुरटी होती. पहिला घोट घेतला आणि माझ्या हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटली. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ग्लास शांतपणे संपवला, खाली ठेवला आणि म्हणाले, “छान झालंय.” मग पाहुणे म्हणाले, छान. मग आई म्हणाली. मग आम्ही भावंडं म्हणालो. आत्या इतकी खूश झाली की तिने सगळ्यांना पुन्हा एकेक ग्लास वाढला आणि तोही आम्ही प्यायलो. शेवटी ती स्वतः प्यायला बसली. एक घोट घेऊन तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “मेल्यांनो,” ती म्हणाली, “एकानेही सांगू नये?”

सांगायला हवं होतं हे मला पटायला पुढे पन्नासेक वर्षं लागली.

तोवर ‘छान’ हाच माझा शब्द झाला होता. ठाण्याला सरकारी कार्यालयात कारकुनी केली, तिथे हा शब्द फार उपयोगी पडला. घरीही मी तोच वापरला. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने केलेला एकही पदार्थ मी नापास केलेला नाही. “यांना विचारणं आणि भिंतीला विचारणं सारखंच,” असं ती तिच्या बहिणींना सांगते. मला वाटायचं, कौतुक करतेय.

आमच्या मुलीने नवव्या वर्षी पहिल्यांदा पोळ्या लाटल्या. कडेला जळलेल्या, मधे कच्च्या. मी चार खाल्ल्या. तिने विचारलं, “बाबा, कशा झाल्यात?” मी म्हटलं, छान. “खरं सांग ना.” “खरंच छान.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग खेळायला गेली. त्यानंतर तिने मला स्वतः केलेल्या कशाबद्दलही कधी विचारलं नाही. चित्र काढलं तर आईला दाखवायची. तिने विचारणं बंद केलंय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता बिअरकडे येतो.

बिअर मला नवीन नव्हती. नोकरीत असताना महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आम्ही चौघे खोपटला, एसटी डेपोजवळच्या एका परमिट रूममध्ये बसायचो. तिथे मिळायची ती स्ट्राँग बिअर, इतकी गार की चवीचा प्रश्नच यायचा नाही. सोबत चकली आणि कांदा-टोमॅटो घातलेले उकडलेले चणे. बिअर म्हणजे गार आणि कडू, यापलीकडे तिच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. निघताना मूठभर बडीशेप खायची आणि डोंबिवलीला घरी यायचं. बायको दार उघडून विचारायची, “जेवणार, की चण्यांवरच भागलंय?” बडीशेपेचा काही उपयोग होत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, तरी खायचो.

मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकली आणि एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. चार वर्षांनी एका संध्याकाळी तिने जाहीर केलं की ती नोकरी सोडतेय. “तिथे जंतू दिसला की मारायचा असतो. मला ते वाढवायचेत.” घोडबंदर रोडला एक मायक्रोब्रूअरी होती, म्हणजे तिथेच बिअर बनवायची आणि तिथेच विकायची. तिथे तिला बिअर बनवायचं काम मिळालं होतं. बायकोने दोन दिवस विचार केला आणि नातेवाइकांना सांगितलं की मुलगी आता फर्मेंटेशनमध्ये आहे. माझ्या मेहुण्याने विचारलं, “म्हणजे इडलीच्या पिठाचं का?” “साधारण तसंच,” बायको म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मुलीने मला स्कूटरवर मागे बसवून तिची जागा दाखवायला नेलं. माणकोलीचा पूल झाल्यापासून आम्हा डोंबिवली पश्चिमेच्या लोकांना ठाणं जवळ आलंय. खाडीवरचा वारा खात पोचलो. काचेमागे चकचकीत टाक्या, बाहेर उंच स्टुलं, आणि आमची कन्या गमबूट घालून त्या टाक्यांमधून फिरत होती. मला फार अभिमान वाटला. आमच्या खानदानात गमबूट घालून काम करणारी ती पहिलीच मुलगी असावी.

तिने माझ्यासमोर लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आणून ठेवले. पहिलीला केळ्याचा वास होता. मी म्हटलं, छान. दुसरी काळी, जळक्या कॉफीसारखी. तीही छान. तिसरीवर बोट ठेवून मुलगी म्हणाली, “आणि ही पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीने केलीय.” एवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, पंपाचं काहीतरी झालं होतं. ती पळाली. मी तिसरा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.

बिअर आंबली होती. म्हणजे चार दिवस फ्रीजबाहेर राहिलेल्या ताकावर जी निवळी येते, तसं काहीतरी. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तीन महिन्यांची नोकरी, अजून कायम झालेली नाही, आणि पोरीने एकटीने केलेली पहिलीच बिअर नासली होती. तिचा मालक पलीकडच्याच टेबलाशी गिऱ्हाइकांशी गप्पा मारत उभा होता. त्याने चाखली तर? नोकरीत मी चुका झाकणारे आणि चुका उघड करणारे, दोन्ही प्रकारचे लोक पाहिले होते. बापाने कोणत्या बाजूला असावं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मी तो ग्लास संपवला. मग वाढणाऱ्याला बोलावून त्याच बिअरचा मोठा ग्लास मागवला. तो संपवून दुसरा. मग तिसरा. जितकी पोटात जाईल तितकी टाकीतून कमी होईल, असा माझा सरळ हिशेब होता. शेजारच्या टेबलावर एक जोडपं मेनू बघत होतं. त्यांचं बोट त्याच नावावर गेलेलं दिसलं तेव्हा मी वाकून म्हणालो, “काळी घ्या, काळी चांगली आहे.” त्यांनी बिचाऱ्यांनी काळी घेतली. टाकीत पाचशे लिटर होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तरी मी थांबलो असतो, असं छातीठोक सांगता येत नाही.

मुलगी हात पुसत परत आली आणि टेबलावरचे तीन रिकामे मोठे ग्लास बघून जागीच थांबली.

“बाबा! तू सावर प्यायलास? तीन?”

“छान आहे,” मी म्हटलं.

“छान सोड रे. तीन ग्लास प्यायलास तू!” तिचे डोळे भरून आले होते. तिने मालकाला हाक मारली. “सर, हे माझे बाबा. आयुष्यभर स्ट्राँगवाले. यांनी तीन सावर मारल्या!” मालकाने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. “काका, इकडे लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. तुम्ही तर कमाल केली.”

मग मला सगळं सांगण्यात आलं. बिअर नासलेली नव्हती. ती मुद्दाम आंबट केलेली असते. दह्यात असतात तसले जंतू सोडून, तापमान सांभाळून, रात्ररात्र जागून. त्या प्रकारालाच सावर म्हणतात. मी मान हलवत राहिलो. पोरीची नोकरी शाबूत आहे याचा आनंद झाला आणि आपण पुरते अडकलो आहोत हेही त्याच वेळी कळलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकाला माझ्या पोटात तीन ग्लास एकदम हलत होते.

त्यानंतर दर आठवड्याला घरी एक मोठी तपकिरी बाटली येऊ लागली, खास माझ्यासाठी. कधी चिंचेची सावर, कधी पेरू आणि मिरचीची. एकदा तर तिने अभिमानाने सांगितलं, “हिला घोड्यांच्या तबेल्यासारखा वास येतो. यायलाच हवा.” येत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी दर शनिवारी दुपारी खात होतो. आणि टाकायचं नाही हा दुसरा नियम असल्यामुळे बेसिनचा मार्गही बंद होता. मी बाटली संपवायचो आणि म्हणायचो, छान.

बायकोने महिनाभर माझं तोंड पाहिलं. मग म्हणाली, “अहो, सांगून टाका ना तिला. तुम्हाला आवडत नाहीये.”

“कसं सांगू? तिला वाईट वाटेल.”

“मला बत्तीस वर्षांत काही सांगितलं नाहीत, तिला काय सांगणार म्हणा,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मी एकदा खरोखर सांगणार होतो. मुलगी जेवायला बसली होती, मी घसा खाकरला आणि तेवढ्यात तीच म्हणाली, “बाबा, एक सांगू? तू लहानपणापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला छान म्हणायचास. त्या कच्च्या पोळ्यांनापण. मग मला तुझं काही खरंच वाटेना. पण त्या दिवशी तू काही बोलायच्या आधीच तीन ग्लास संपवले होतेस. म्हणून मला पहिल्यांदा खरं वाटलं.”

मी तिच्या पानात भात वाढला. तिने आयुष्यात माझं एकच कौतुक खरं मानलं होतं आणि नेमकं तेच खोटं होतं. आता ते खरं करून दाखवणं एवढाच मार्ग उरला होता. म्हणजे मला सावर आवडायलाच हवी होती.

शिकायला लागलो तेव्हा आधी मी आपल्या घरच्या आंबट गोष्टींचा आधार घेतला. सोलकढी आवडते, ताक आवडतं, लोणच्याच्या बरणीतला खार तर लहानपणी चोरून चाटायचो, मग ही का आवडू नये? या युक्तीने उलटंच झालं. सोलकढी समजून प्यायलो की जीभ नारळाची वाट बघायची आणि ताक समजलं की हिंग-जिऱ्याची. दर घोटाला कुणीतरी न आल्यासारखं वाटायचं. मी मुलीला साळसूदपणे विचारलं, “नवशिक्या लोकांना तू काय सांगतेस गं?” ती म्हणाली, “पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. पहिल्या घोटाला जीभ घाबरते. दुसऱ्याला शांत होते. तिसऱ्यापासून प्यायला सुरुवात करायची. आणि फ्रीजमधून काढली की दहा मिनिटं थांबायचं, आधी वास घ्यायचा. खोपटसारखी घटाघटा नाही.” खोपटबद्दल तिलाही माहीत होतं तर.

मी सांगितल्याप्रमाणे करू लागलो. वास घ्यायचो, थांबायचो, तीन घोट मोजायचो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. काही होईना. एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली होती आणि बायकोने मांदेली तळली होती. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मी समोरची सावर ओतून घेतली आणि मांदेली खात पीत राहिलो. वास घ्यायला विसरलो, घोट मोजायला विसरलो. तळलेल्या मासळीचं तेल प्रत्येक घोटाला धुऊन निघत होतं आणि पुढची मांदेली पुन्हा पहिलीसारखी लागत होती. आंबटपणाच्या मागून गव्हाच्या पेजेसारखं काहीतरी मऊ येत होतं. ते इतके दिवस कुठे होतं कोण जाणे. बाटली संपली तेव्हा मी ती ग्लासावर उलटी धरून दोन-तीनदा झटकली.

बायको बघत होती. “आवडली?”

“छान आहे.”

“ते दिसलं हो. बाटली उलटी केलीत.”

त्या दिवसापासून माझी गाडी रुळावर आली. चिंचेची आवडली, पेरूची तर फारच. तबेलेवाली पाचव्या खेपेला आवडली आणि आता ती बरेच दिवस आली नाही तर मी चौकशी करतो. जुन्या मित्रांबरोबर खोपटला गेलो तेव्हा स्ट्राँगचा ग्लास नाकाशी नेऊन म्हणालो, “हिला वासच नाही रे.” तिघांनी माझ्याकडे पाहिलं. “रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात,” एक जण म्हणाला, “हा वासाला लागला.”

जुलैमध्ये मुलगी उड्या मारत घरी आली. मालकाने तिला एक अख्खी टाकी दिली होती. जी हवी ती बिअर कर, म्हणाला. चालली तर एक नळ कायमचा तुझ्या बिअरला. नाही चालली तर त्या नळाला आंब्याची गोड बिअर लावणार, आणि मग तू तीच करत बस. दुसरी टाकी मिळणार नव्हती. मुलीने कोकमाची सावर करायची ठरवलं. बायकोने गावाहून बिनमिठाची कोकमं मागवली, बारा किलो, आणि नातेवाइकांना सांगितलं की ऑफिसच्या कँटीनला हवीत.

आधी छोट्या भांड्यांत करून बघणं सुरू झालं. पहिली फिकी झाली, दुसरीला रंग नव्हता. दोन्ही तिने स्वतःच बाद केल्या. तिसरी सगळ्यांना आवडली. मालक मस्त म्हणाला, बरोबरची मुलं मस्त म्हणाली. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने ती बाटली माझ्यासमोर ठेवली. “उद्या सकाळी टाकीत कोकमं टाकायचीत. पण तू हो म्हटल्याशिवाय नाही. तुला आवडली म्हणजे स्ट्राँगवाल्यांनाही आवडणार.”

रंग देखणा होता. मी वास घेतला, थांबलो. पहिला घोट, दुसरा, तिसरा. सुरेख. पानात टाकायचं नाही म्हणून ग्लास तळापर्यंत प्यायलो आणि शेवटच्या दोन-तीन घोटांना माझ्या हिरड्या आवळल्या. जीभ टाळूला चिकटली. मी आठ वर्षांचा झालो आणि आंबिवलीच्या चाळीत, आत्यासमोर, हातात पन्ह्याचा ग्लास घेऊन बसलो.

“कशी आहे?” मुलीने विचारलं.

“छान,” मी म्हटलं. शब्द माझ्या आधी बाहेर पडला.

तिने टाळी वाजवली, मालकाला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, “बाबा पास!”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पितानाही मला हिरड्यांवर ती तुरटी जाणवत होती. मुलीने हेल्मेट उचललं, “येते गं आई,” म्हणाली आणि जिना उतरली. बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, “काय झालंय तुम्हाला?”

“तुरट आहे ती बिअर.”

“मग मला काय सांगताय?”

मी बनियनवर तीन मजले उतरलो. स्कूटर गेटपाशी पोचली होती. मी हाक मारली, मग वॉचमनने मारली, तेव्हा ती थांबली. धापा टाकत मी तिच्यासमोर उभा राहिलो.

“छान नाहीये. तुरट आहे. टाकू नकोस कोकमं.”

तिने काच वर केली. “काल तर छान म्हणालास.”

“मी सगळ्यालाच म्हणतो.”

“सगळ्याला नाही. पहिल्यांदा तू तीन ग्लास...”

“मला वाटलं, नासलीय. मालकाला कळू नये म्हणून मी संपवत होतो.”

तिने स्कूटर बंद केली. “पाचशे लिटर?”

“किती आहे ते मला माहीत नव्हतं.”

ती हसली नाही. हेल्मेट काढून तिने मांडीवर ठेवलं. “म्हणजे तेव्हापण नव्हती आवडली,” ती हळू म्हणाली. “मला वाटलेलं, एकदा तरी...” आणि हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळू लागली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. प्रेमापोटी खोटं बोललो, हे मी स्वतःलाच सांगत आलो होतो. खरं म्हणजे तिचा उतरलेला चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. तो आता बघावाच लागत होता.

“एप्रिलपासून आवडते,” मी म्हटलं. “खरंच आवडते. आईला विचार. मी बाटली उलटी केली होती.”

तिने नाक ओढलं, हेल्मेट पुन्हा घातलं. मग काचेआडून विचारलं, “तुरट कुठे लागते? जिभेवर की हिरड्यांवर?”

“हिरड्यांवर. वरच्या. सुरुवातीला नाही, ग्लास संपत आला की.”

“आम्ही सगळ्यांनी दोन-दोन घोटच घेतलेले,” ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली आणि स्कूटर सुरू करून निघून गेली. मी बनियनवर गेटपाशी उभा. वॉचमन म्हणाला, “काका, डबा विसरली काय?”

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिने माझ्यासमोर बाटली ठेवली, ग्लास ठेवला आणि वही-पेन घेऊन बसली. “कोकमं निम्मी, आणि पाच दिवसांऐवजी दोन दिवस. अख्खा ग्लास पी. आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही.”

तो शब्द काढायचा नाही म्हटल्यावर मला दुसरे शब्द सापडेनात. ग्लास संपवून मी तो पुन्हा एकदा हुंगला. मग म्हटलं, “तुरटपणा गेला. आंबट नीट आहे. पण मधेच रिकामं वाटतं. मीठ नसलेल्या सारासारखं.” तिने लिहून घेतलं. पुढच्या बाटलीत मीठ जास्त झालं, तेही सांगितलं. त्याच्या पुढच्या बाटलीला मी म्हटलं, “ही कर.” प्रत्येक वेळी नावं ठेवताना वडील कुठूनतरी बघताहेत असं वाटायचं. पण पोरीचा चेहरा उतरत नव्हता. उलट ती पुढे सरकून बसायची. स्वयंपाकघरातून बायको हे सगळं ऐकत होती. एक दिवस तिने आमटीची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, “गूळ जरा जास्त असतो.” “बत्तीस वर्षं?” “बत्तीस वर्षं.” दुसऱ्या दिवशी तिने गूळ अजिबात घातला नाही. फार वाईट लागली. तेही सांगितलं, आणि बोलणी खाल्ली.

ज्या रविवारी दुपारी ती बिअर नळाला लागली, त्या दिवशी बायकोही आली. नेसायला चांगली साडी, कारण कँटीन वगैरे काही नाही हे आता सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं. तिने ग्लास नाकाशी नेला, “आमसुलं आमच्या गावची,” असं मालकाला ऐकवलं आणि दोन घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. आजूबाजूला लोक ती लालसर बिअर मागवत होते. पहिल्या घोटाला तोंडं वाकडी होत होती. मी त्या तोंडांकडे बघत होतो आणि मनात मोजत होतो, एक, दोन, तीन. बऱ्याच जणांचा ग्लास रिकामा झाला, काहींनी दुसरा सांगितला. मालक नळाशी उभा राहून ते बघत होता. नंतर त्याने काय ठरवलं ते एका वाक्यात सांगतो. तो नळ अजून आमच्या मुलीचा आहे.

पण त्या दुपारी ते काहीच ठरलेलं नव्हतं. मुलगी टाक्यांमागे होती. गमबूट घातलेले, नजर आमच्या टेबलावर. मी माझा ग्लास संपवला, मग बायकोचा संपवला, आणि वाढणाऱ्याला बोलावून आणखी एक मोठा मागवला. तो समोर येतो न येतो तोच मुलगी तरातरा चालत आली. चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा, खरं सांग,” ती कुजबुजली. “नासलीय का?”

“नाही गं.”

“मग तिसरा कशाला?”

मी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला, आणि हिरड्यांचा अंदाज घेतला.

“मीठ चिमूटभर कमी पडलंय,” मी म्हटलं.

तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, स्वतः एक घोट प्यायली आणि डोळे मिटून विचार केला. “हो रे,” ती म्हणाली. “कमी आहे.” आणि माझ्यासमोर उभी राहून, गमबुटांसकट, लहानपणी हसायची तशी हसायला लागली.